गालावरचा काटा

भाऊजी नेहमीसारखे दार न वाजवता आत आले आणि थेट वहिनींच्या खुर्चीत बसले. संग्रहालयाचा जीवाश्म विभाग कित्येक वर्षं वहिनींच्या हाताखाली होता, पण या दिराला ते कोण सांगणार!

"कशाला बोलावलंत? बोला लवकर. माझा ग्रंथ छपाईला जायचाय."

ग्रंथ ट्रायलोबाइटांचा. समुद्रतळावर रांगणारे हे कवचधारी प्राणी कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झाले. त्यातला एक वंश, म्हणजे जवळच्या जातींचा एक गट, वहिनींच्या नवऱ्याने शोधला, त्याला नाव दिलं. त्याची ओळख एवढीच, की गालांना काटे नाहीत. जवळच्या सगळ्या वंशांत गालांपासून मागे लांब काटे गेलेले असतात. नंतर भाऊजींना जवळजवळ तसाच प्राणी सापडला, पण काट्यांसकट. डोळे तेच, अंगाची अकरा वळी तीच, शेपटीही तीच. तरी त्यांनी भावाच्या नाकावर टिच्चून त्याचा वेगळा वंश केला. तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. नवरा गेला तेव्हाही भाऊजी फिरकले नाहीत. वहिनी ते विसरल्या नव्हत्या आणि विसरण्याचा त्यांचा विचारही नव्हता.

पण एक शंका त्यांना छळत होती. हा प्राणी वाढताना जुनं कवच टाकतो. तेव्हा दोन्ही गाल निखळतात आणि काटेही त्यांच्याबरोबर जातात. नवऱ्याने पाहिलेले सगळे नमुने अशी टाकलेली कवचंच असतील तर? डोक्याची उरलेली कड त्याने गाल समजली असेल तर? मग दोन्ही वंश एकच, आणि एकाच वंशाला दोन नावं पडली की पहिलं राहतं, दुसरं बाद होतं, हा नियम.

टेबलावर खाणीतून आलेला एक दगडी गोळा होता. त्यात प्राणी अंगाचं मुटकुळं करून बसलेला. मुटकुळं जिवंत प्राणी करतो, रिकामं कवच नाही; म्हणजे याचे गाल जागेवरच असणार.

"कपाळावरच्या पुटकुळ्या बघा. कोणाचा हा?"

भाऊजींनी चष्मा सारखा केला. "अशा पुटकुळ्या दादाच्याच जातीला असतात. त्यात काय?"

"गाल अजून दगडात आहे. तुमच्यासमोर साफ करते. नाहीतर उद्या म्हणाल, वहिनींनी काटा कोरून काढला."

"म्हटलंच असतं. तुमचा काय भरवसा?"

वहिनींनी पायाने पेडल दाबलं. हातातल्या नळीतून बारीक पावडरचा झोत सुटून दगड खाऊ लागला. समोरच्या पडद्यावर गालाची कड मोठी होऊन उघडी पडत होती. कड वळली, आणि टोकाशी एक काळपट बारीक सुळका दिसला. काटा होता.

मग भाऊजी खुर्ची सरकवून जवळ आले आणि आयुष्यात पहिल्यांदा वहिनींशी गोड बोलले.

"वहिनी, झोत जरा जवळ धरा. टोकच आहे, झडून जाईल. दगडाचा कण होता म्हणायचं."

"आणि तुमचा वंश वाचेल."

"माझं सोडा हो. दादा शेवटपर्यंत काटा नाही म्हणून भांडला. आता तो गेल्यावर त्याला खोटं पाडणार? तेही तुमच्या हाताने?"

माणूस नीच असला तरी बोलत होता ते खरं होतं. काटा उडवला तर नवरा बरोबर ठरणार होता. ठेवला तर नाव राहणार होतं, पण चुकलेल्या माणसाचं. झोत काट्याकडे कलला.

त्यांनी पेडलवरून पाय काढला.

"ते गेले तेव्हा दादा आठवला नाही, आणि आज आठवला? फोटो घ्या, भाऊजी. ते चुकले असं खुशाल छापा. पण छापाल ते त्यांनी दिलेल्या नावाखाली. तुमचं नाव बाद."

"सूड उगवलात तुम्ही!"

"उगवला. उठा, खुर्ची माझी आहे."

भाऊजी दार आपटून गेले. वहिनी खुर्चीत बसल्या. त्यांनी शेजारचं कपाट उघडलं. नवऱ्याच्या अक्षरातली जुनी चिठ्ठी नमुन्याखाली होती: 'गालास काटा नाही.' 'नाही' खाली दोन रेघा.

"डोळे फुटले होते का तुमचे?" त्या चिठ्ठीवर खेकसल्या. "आणि हे त्या माणसासमोर बघायची वेळ माझ्यावर आणलीत!"

मग त्यांनी रडत रडतच दुसरा गाल साफ करायला घेतला.