मेलेल्याला कोला नाही

माझा थोरला भाऊ ओफोडिले दोनदा मेला. पहिल्यांदा मेला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि धडधाकट जिवंत होता. दुसऱ्यांदा मेला तेव्हा एकसष्ट वर्षांचा होता, रक्तातली साखर वाढली होती, आणि या खेपेला काही चूक झाली नव्हती, कारण मी स्वतः हात लावून पाहिलं. अडचण एवढीच झाली की भावकी म्हणाली, याला आम्ही एकदा पुरलाय, पुन्हा पुरणार नाही.

पहिल्या मरणाची गोष्ट आधी सांगते. आमच्या मुलखाने देशातून फुटून स्वतःचा बियाफ्रा मांडला होता, त्या लढाईचं दुसरं वर्ष होतं. रेडिओवर रोज संध्याकाळी सांगायचे की आपण जिंकतोय, आणि आपण जिंकत असताना लष्कराचे ट्रक मात्र प्रेतांनी भरून परत यायचे. असाच एक ट्रक आमच्या दारात थांबला. ड्रायव्हरने चटईत गुंडाळलेलं एक प्रेत अंगणात उतरवलं आणि 'ओफोडिले, याच गावचा,' एवढं बोलून तो निघून गेला. तोंड बघण्यासारखं राहिलं नव्हतं. अंगात मात्र आईने चर्चच्या जुन्या पडद्याचा शिवलेला सदरा होता, हिरव्या वेलींचा. तसा सदरा अख्ख्या बियाफ्रात दुसरा नव्हता, कारण तसला पडदा दुसऱ्या कुठल्या चर्चने लावलाच नसता. आई त्या सदऱ्यावर कोसळली, आणि मग कुणी काही तपासायचा प्रश्नच उरला नाही.

भावकीने त्याला रीतसर पुरलं. आमच्यात जनावर कापल्याशिवाय मयताचा विधी पुरा होत नाही, आणि त्या दिवसांत गावात उंदीरसुद्धा भाव खात होता. सरडे तर माणसं दिसली की झाडावरून उतरेनासे झाले होते. तरी इलोबाकाकाने कुठे लपवला होता देव जाणे, एक बोकड बाहेर काढला. गावातला शेवटचा. तोफ उडवायची रीत होती, पण बंदुकीची दारू सगळी आघाडीवर गेलेली, तेव्हा एका म्हाताऱ्याने पत्र्याचा डबा बडवला. ओफोडिले आमच्या बापाच्या शेजारी मातीआड झाला, आणि भावकी बऱ्याच दिवसांनी मटण जेवली.

पुढे लढाई संपली. सरकार म्हणालं, ना कुणी जिंकलं, ना कुणी हरलं. मग आमच्या छपराचे पत्रे कोण घेऊन गेलं, ते सरकारने सांगितलं नाही. धुळीचा वारा सुटलेल्या त्याच दिवसांत ओफोडिले चालत घरी आला. फाटकी चड्डी, एकाच पायात बूट. आईने त्याला पाहिलं आणि भूत समजून झाडू घेऊन मारत सुटली. भूत 'आई, लागतंय,' म्हणालं, तेव्हा तिने झाडू टाकला आणि हाताने मारायला लागली.

"मग तिथे पुरलाय कोण?" सगळ्यांनी विचारलं.

"एक पोरगा होता माझ्या खंदकात," ओफोडिले म्हणाला. "आदल्याच दिवशी आला होता. फार तर सोळा वर्षांचा असेल. तापाने कुडकुडत होता, म्हणून सदरा दिला मी त्याला. नाव विचारायचं राहून गेलं."

आता ज्याचं मयत झालंय असा माणूस जिवंत परत आला, तर त्याला पुन्हा जिवंत करण्याची आमच्याकडे रीत आहे. भावकी बसली आणि निवाडा झाला. मयताच्या बोकडाची भरपाई करायची. शुद्धी करायची. आणि परक्याला आपल्या मातीतून उकरून वाईट रानात नेऊन टाकायचा, जिथे बेवारस आणि शापित माणसं टाकतात. कारण ज्याची भावकी माहीत नाही असा मुडदा घराच्या जमिनीत राहिला, तर जमीन बाटते.

ओफोडिलेने सगळं ऐकून घेतलं. "बोकड देतो," तो म्हणाला. "शुद्धी पण करा, हवी तर दोनदा करा. पोराला हात लावायचा नाही."

"मग तू मेलेलाच राहशील," भावकी म्हणाली.

"बरं," ओफोडिले म्हणाला.

त्या 'बरं'वर त्याने सगळा जन्म काढला. आमच्याकडे चार माणसं जमली की आधी कोलाचं फळ फुटतं. थोरला माणूस प्रार्थना करतो, आणि वयाच्या क्रमाने एकेक फाक सगळ्यांच्या हातात जाते. ताटली ओफोडिलेपाशी आली की पुढच्याकडे वळायची. मेलेल्याला कोला नाही. तो खिशातून स्वतःचं फळ काढायचा, स्वतःच प्रार्थना म्हणायचा आणि भावकीपेक्षा मोठ्याने चावायचा. रस्त्याच्या कामाला गडी हवे असले की म्हणायचा, "मुडद्याकडून फावडं मारून घेता? लाज नाही वाटत?" त्याच्या लग्नाच्या वेळी तर कहर झाला. मुलीच्या बापाकडे ताडीचे घडे घेऊन भावकीने जायचं असतं, पण मेलेल्यासाठी जाणार कोण? तो शेजारच्या गावातले मित्र घेऊन गेला. सासऱ्याने विचारलं, "तुमची भावकी दिसत नाही?" ओफोडिले म्हणाला, "माझ्या मयताला आली होती."

सासऱ्याला ते इतकं आवडलं की त्याने उझोमासारखी मुलगी या वेड्याच्या गळ्यात बांधली. उझोमा बोलते कमी, पण बोलली की समोरच्याला पाणी मागावं लागतं. याम म्हणजे आमचा रोजच्या जेवणातला कंद; नव्या यामच्या सणाला ती यामचा पहिला तुकडा कापायची आणि ओफोडिले तो त्या पोराच्या थडग्यावर ठेवून म्हणायचा, "ओफोडिले, खा रे." स्वतःचंच नाव. मी म्हणायचे, हा माणूस ठार वेडा आहे. तो म्हणायचा, "अगं, नाव त्याच्याबरोबर पुरलंय तर वापरू दे त्याला. मला लोक 'अहो मेलेले' म्हणून हाक मारतातच की."

मरायच्या आदल्या आठवड्यात त्याने मला बोलावलं. "एकेम्मे," म्हणाला, "मला बापाच्या दुसऱ्या बाजूला टाका. आणि मला पुरायच्या निमित्ताने त्या पोराला उठवलंत, तर मी परत येईन. मला परत यायची सवय आहे."

तो गेला. आम्ही त्याला शहरातल्या शवागारात ठेवला, आणि भावकीची बैठक झाली. इलोबाकाका आता नव्वदीला टेकलेला, भावकीत सगळ्यात थोरला, कोला फोडणारा, त्याचा शब्द शेवटचा. त्याने सांगून टाकलं, एका माणसाला दोन थडगी नाहीत. आधी परक्याला काढा, मग त्या जागी तुमच्या भावाला घाला. नाहीतर शवागारातून परस्पर कुठेही न्या.

इथे मला आमच्या माहेरवाशिणींबद्दल सांगायला हवं. या घरात जन्मलेल्या आणि बाहेर दिलेल्या आम्ही बायका मयताला येतो, तेव्हा पुरुष आवाज खाली करतात. आम्ही नाही म्हटलं तर प्रेत हलत नाही. आणि सगळ्यांत थोरली मी. मी सगळ्या गावोगावच्या बहिणी, चुलतबहिणी गोळा केल्या, चटया आणि पातेली घेतली, आणि इलोबाकाकाच्या अंगणात मुक्काम ठोकला. त्याचीच चूल, त्याचेच याम.

"काका, तुमचे याम चांगले आहेत," मी म्हटलं. "संपेपर्यंत आम्ही इथेच आहोत."

"एकेम्मे, बापाच्या घरी होतीस तेव्हाही अशीच हावरट होतीस."

"तेव्हा खायला काही नव्हतं काका, म्हणून कुणाला कळलं नाही."

"कायदा म्हणजे कायदा," म्हातारा म्हणाला. "आज तुझ्या भावाला दोन थडगी दिली, उद्या सगळे मागतील."

"मागू देत. त्यासाठी आधी मरून परत यावं लागतं. बघू किती जणांना जमतं."

बायका हसल्या. म्हाताऱ्याने काठी आपटली. मग मी आमचं शेवटचं हत्यार काढलं. "ऐका काका. तुम्हीही आज ना उद्या जाणार. त्या दिवशी आमच्यातली एकही येणार नाही. तुमच्या प्रेतापाशी भाड्याचा लाउडस्पीकर रडेल."

माहेरवाशिणींशिवाय मयत म्हणजे कुत्र्याचं मयत, हे सगळ्यांना माहीत होतं. मला वाटलं, जिंकले.

पण म्हातारा नमला नाही. तो म्हणाला, "तो बोकड माझा होता."

"माहिती आहे. त्याची भरपाई आमचा भाऊ द्यायला तयार होता."

"तुला काही माहिती नाही. तो मी न्वाफोरसाठी लपवून ठेवला होता."

न्वाफोर म्हणजे त्याचा एकुलता मुलगा. ओफोडिले ज्या ट्रकमधून लढायला गेला, त्याच ट्रकमधून तो गेला. त्याला परत घेऊन कुठलाच ट्रक आला नाही. जिवंत नाही, मेलेला नाही, चटईही नाही. लढाईनंतर काकाने त्याचं नाव घेतलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

"पोरगा सुटीवर येईल तेव्हा कापायचा म्हणून ठेवला होता," काका म्हणाला. "मग ओफोडिलेचं प्रेत आलं. म्हटलं, आपल्याच भावकीचं पोर आहे, खाऊ दे. आणि निघाला कोण? कुणाचा कोण. माझ्या पोराला ओंजळभर माती मिळाली का नाही माहीत नाही, आणि तो उपटसुंभ माझा बोकड घेऊन तुमच्या बापाशेजारी झोपलाय. मला तो तिथे बघवत नाही. एवढंच आहे. कायदाबियदा काही नाही."

या म्हाताऱ्याला मी इतकी वर्षं खडूस म्हणत आले. तो खडूस आहेच. पण खडूसपणाच्या खाली हे असेल असं मला कधी वाटलं नाही, आणि मला त्याची फार दया आली.

उझोमा चुलीपाशी बसली होती. ती न उठताच म्हणाली, "काका, न्वाफोरभावजींनाही कुणीतरी पुरलं असेल. कुणाच्यातरी नावाने. त्या गावातही एखादा म्हातारा काठी आपटत म्हणत असेल, याला बाहेर काढा. तिथल्या सुनेने काय करावं म्हणता?"

काकाने तपकीर मागितली. मग ओढलीही नाही, नुसती मुठीत धरून बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने भावकी बोलावली. कोला फोडला, फाका वाटल्या आणि निवाडा सांगितला. "ओफोडिलेला आपण लढाईत पुरला. बोकड मी दिला होता, मी साक्षीदार आहे. एकदा पुरलेला माणूस पुरलेलाच. त्याच्या थडग्याला कुणी हात लावायचा नाही."

"मग शवागारात कोण आहे?" भावकीच्या सेक्रेटरीने विचारलं.

"आपल्या हिशेबात पुरायचा कोण राहिलाय? तो परका पोरगा. तोच असणार. त्याला घेऊन या."

सेक्रेटरी शिकलेला माणूस आहे, त्याला राहवेना. "काका, तो पोरगा सोळा वर्षांचा होता. हा एकसष्टचा आहे."

"इतकी वर्षं झाली," इलोबाकाका म्हणाला. "वाढला असेल."

"आणि परक्या मुडद्याने जमीन बाटते त्याचं?"

"याची भावकी तुला माहीत नाही का? समोर बसलीय. गाढवासारखे प्रश्न विचारू नकोस."

मी हसले. ओफोडिले असता तर जमिनीवर लोळून हसला असता. त्याला हवी होती ती जागा मिळाली आणि पोराला कुणी उठवलं नाही. आम्ही त्याला घरी आणलं, त्याचा चांगला लाल झगा घातला, बापाच्या दुसऱ्या बाजूला खड्डा खणला. या वेळी तोफ खरीखुरी होती. एका पोरीचं कानातलंच पडलं त्या आवाजाने.

मग रडायची वेळ आली. पहिली हाळी थोरल्या माहेरवाशिणीने घालायची, आणि मेलेल्याला नावाने हाक मारून घालायची. मी खड्ड्यापाशी गेले, तोंड उघडलं, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ओफोडिले म्हणायची सोय नाही. ओफोडिले पलीकडे झोपलाय. निवाडा झालाय. इथे आहे तो परका पोरगा, आणि त्याचं नाव कुणालाच माहीत नाही. सगळा गाव माझ्याकडे बघत होता. नावाशिवाय रडायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मी ओरडले, "अरे कुणाच्यातरी लेकरा, तुझ्या आईला कुणी सांगितलं का रे?"

ते ओरडले आणि मला तो पोरगा पहिल्यांदा दिसला. कुडकुडणारा, दुसऱ्याच्या सदऱ्यातला. तोवर मी त्याच्यासाठी कधी रडले नव्हते. कुणीच रडलं नव्हतं.

माझ्या मागे काठीचा आवाज झाला. इलोबाकाका उठून उभा राहिला होता. आमच्यात थोरला पुरुष मयतात आवाज काढत नाही, पण तो खड्ड्याकडे बघून "न्वाफोर" म्हणाला. फार मोठ्याने नाही. मग चुलतबहीण म्हणाली, "इफेदी." तिचा नवरा होता तो. कुणी म्हणालं, "अझुबुइके." कुणी म्हणालं, "ओबियागेली," ती तर लढणारीही नव्हती, चार वर्षांची होती, भुकेने पोट फुगून गेली. मग नावं इतकी यायला लागली की कुणाचं कोण ते कळेना. ज्यांना चटई मिळाली नव्हती, त्या सगळ्यांना लोकांनी त्या दिवशी त्या एका खड्ड्यात घातलं. सेक्रेटरीसुद्धा बापाचं नाव घेऊन ओक्साबोक्शी रडला.

ओफोडिलेचं नाव तेवढं कुणी घेतलं नाही. दोनदा मयत झालं पठ्ठ्याचं, आणि दोन्ही वेळचं रडणं दुसऱ्यालाच गेलं. माणसं पांगल्यावर मी आणि उझोमा मागे थांबलो. मी त्याला नावाने हाक मारली, चांगल्या चार शिव्या घातल्या, आणि मग मला हवं तेवढं रडले.