सैल पिन

दौलतरावांची गाडी केनवडला परत आली ती ट्रॅक्टरच्या मागे दोरानं बांधून. चेमटलेला पत्रा रिसोडच्या डेंटरनं ठोकून सरळ केला होता, नवा बंपर लावला होता. दिवे मात्र लागत नव्हते. वायरिंग आपलं काम नाही, असं सांगून डेंटर मोकळा झाला होता. ट्रॅक्टर दौलतरावांच्या घराकडे न वळता सरळ वर्षाराणीच्या अंगणात येऊन थांबला. वरून राखी उतरली, दौलतरावांची मुलगी. मंगरूळपीरला शाळेत शिकवायची. तिच्या मागून डोक्यावरचा पदर सावरत तिची आई गोजराबाई उतरल्या.

लग्नाआधी वर्षाराणी चाकणच्या एका कारखान्यात होती. गाड्यांच्या वायरी तयार करायच्या लाइनवर दिवसभर उभं राहून वायरीच्या टोकाला पिन दाबायची, ती कपलरच्या, म्हणजे वायरी जोडायच्या प्लास्टिकच्या डबीच्या, घरात बसवायची, ओढून पाहायची आणि पुढे सरकवायची. केनवडला नांदायला आल्यावर तिनं तेच काम घरच्या ओसरीवर सुरू केलं. उंदरांनी कुरतडलेल्या ट्रॅक्टरच्या वायरी, मोटरसायकलचं वितळलेलं कपलर, पिकअपचे मागचे दिवे, असं काय काय लोक घेऊन यायचे. तिचा नवरा करण शेती सांभाळून तिच्याकडूनच हे काम शिकला होता, आणि चांगलं शिकला होता.

"काकू, रिसोडलेच द्यायची ना गाडी," वर्षाराणी म्हणाली. "तिथं मोठी दुकानं हायेत. सामान लवकर भेटते."

"तिथं नाई द्यायची," गोजराबाई म्हणाल्या. "तूच कर. इथंच, तुया आंगनात."

राखीनं आईकडे एकदा पाहिलं आणि किल्ली वर्षाराणीच्या हातात दिली.

अपघात श्रावणात झाला होता. दौलतराव दिवेलागणीला रिसोडहून एकटे येत होते. पुलाजवळच्या वळणावर गाडी वळलीच नाही, सरळ नाल्यात गेली. दौलतराव तिथंच गेले. मागून येणाऱ्या दूधवाल्यानं सांगितलं होतं, "समोरच्या गाडीचे दोन्ही दिवे एकदम गेले. जसं कोनं फुंकर मारली." पण गाडी जुनी होती, रस्ता ओला होता आणि नाल्याला पाणी होतं. पंचनाम्यात गाडीवरचा ताबा सुटला असं लिहिलं गेलं आणि गावानंही तेच धरलं.

करण संध्याकाळी शेतातून आला. अंगणाच्या तोंडाशी त्यानं मोटरसायकल बंद केली आणि तिच्यावर बसूनच राहिला.

"हे इथं कोनं आनली?"

"गोजराकाकूनं. दिवे करून पाह्यजेत."

"नाई म्हनायचं होतं."

"काहून?"

 मोटरसायकल त्यानं बाहेरच उभी केली आणि गाडीला वळसा घालून, भिंतीला अंग घासत घरात गेला.

वर्षाराणीला वाटलं, जुना राग आहे. कारण रागाला जागा होती. करणनं दोन वर्षं जीव लावून संत्र्याची कलमं वाढवली होती. उन्हाळ्यात विहीर आटली, तेव्हा त्यानं धरणाकडच्या बोअरचं पाणी आणायचं ठरवलं. पाइप न्यायला दौलतरावांच्या बांधाखालून हातभर चर खोदायचा होता. दौलतराव नाही म्हणाले. करण त्यांच्या ओसरीवर जाऊन बसला, हात जोडले, तरी ते नाहीच म्हणाले. वैशाखात कलमं उभ्याउभ्या वाळली. करणनं ती उपटली नाहीत. अजूनही ती काडक्यांसारखी शेतात उभी होती, आणि रोज तो त्यांच्यामधून जायचा.

दुसऱ्या दिवसापासून तिनं काम सुरू केलं. बॉनेट उघडलं, बॅटरीची वायर सोडली आणि डाव्या दिव्यामागची सगळी गुंडाळी बाहेर काढली. नाल्यातला गाळ वाळून वायरींना चिकटला होता. फाटलेली चिकटपट्टी सोलून ती एकेक वायर पुसत गेली.

गोजराबाई सकाळीच यायच्या. ओट्यावर बसायच्या, गाडीकडे पाहायच्या. चहा दिला तर घ्यायच्या, नाही दिला तर तशाच बसायच्या. मध्येच विचारायच्या, "करन कुठी गेला?"

"वावरात. तूर पाह्यले."

"हं. गाडीपाशी येत नाई का तो?"

"त्याईले काम हाये ना काकू."

"हं," म्हणून गोजराबाई पुन्हा गप्प. उन्हं डोक्यावर आली की उठून जायच्या. त्या गेल्या की वर्षाराणीला सुटल्यासारखं वाटायचं, आणि तसं का वाटतं ते कळायचं नाही.

करणनं अंगणात बसणं सोडलं होतं. जेवायलाही तो आतल्या खोलीत बसायचा. रोज एकच प्रश्न विचारायचा. "झालं का तिचं?" आणि एकदा ताटावरून न उठताच म्हणाला, "जुनं कपलर ठेवू नको. गाळ गेला हाये त्याच्यात. कापून फेक अन् नवं टाक."

"कोनतं कपलर?"

"दिव्याचं. अजून कोनतं?"

दिव्याचं कपलर तिनं तोवर उघडलंही नव्हतं. पण त्याच्या त्या बोलण्यानंतर तिनं पहिलं तेच हातात घेतलं.

राखाडी रंगाचं, काडेपेटीएवढं कपलर. ते फुटलं नव्हतं. अपघाताचा मार उजवीकडे बसला होता, डावीकडे नाही. तिनं खटका दाबून दोन्ही भाग वेगळे केले आणि मागून वायरी एकेक करून ओढून पाहिल्या. सगळ्या घट्ट होत्या. काळी वायर ओढली, तशी ती अलगद तिच्या हातात आली.

ती वायर अर्थिंगची होती. या गाडीत दोन्ही दिव्यांना अर्थिंग एकच होतं. ती पिन सुटली की दोन्ही दिवे एकाच वेळी जाणार.

वर्षाराणी पिन उन्हात धरून पाहू लागली. अशा प्रत्येक पिनेच्या पाठीवर तांदळाच्या कणीएवढी जीभ असते. पिन कपलरच्या घरात सरकवली की ती जीभ आत अडकते आणि पिन मागे येत नाही. पिन काढायची तर पुढून बारीक काडी घालून जीभ दाबावी लागते, आणि परत बसवताना ती नखानं किंवा काडीनं उचलावी लागते. ह्या पिनेची जीभ सपाट दाबलेली होती. अशी पिन बसते, तिच्यातून करंटही जातो, दिवा लागतो. पण तिला धरून ठेवणारं काही नसतं. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याबरोबर ती केसभर मागे सरकत राहते.

जिभेवर दोन बारीक ओरखडे होते, एकमेकांच्या शेजारी, अगदी सरळ.

वर्षाराणी उठली. ओसरीवरच्या डब्यातून तिनं आपली काडी काढली. छत्रीची तुटलेली काडी घासून तिनं ती स्वतः बनवली होती. छत्रीची काडी मधून पन्हाळीसारखी पोकळ असते, म्हणून तिच्या टोकाला दोन धारा येतात. तिनं एका जुन्या पिनेवर ती दाबली. दोन ओरखडे उमटले.

ही गाडी तिनं याआधी कधी उघडली नव्हती. श्रावणात ती भावाकडे धनजला गेली होती. तेव्हा घरात एकटा करणच होता.

 तिनं पिन पदराच्या टोकाला बांधली आणि कितीतरी वेळ बॉनेटला टेकून उभी राहिली. मग स्वतःला सांगू लागली. दौलतकाका घाईत आले असतील. दिवा लुकलुकत असेल. करणनं पिन काढली, पुसली, परत घातली. जीभ उचलायची राहून गेली. होतं असं. कारखान्यातही व्हायचं. शिकलेल्या बायांकडून व्हायचं.

पण मग तो बोलला का नाही? घरातल्या घरात, तिच्याजवळ तरी?

दुपारी करण जेवायला आला, तेव्हा तिनं अंगठ्याला चिंधी गुंडाळून ठेवली होती.

"पत्रा लागला," ती म्हणाली. "केनवडकर मास्तरच्या मोटरसायकलचं कपलर संध्याकाळी द्यायचं हाये. पिना तेवढ्या बदलून द्या ना."

मोटरसायकलचं म्हटल्यावर करण निवांत झाला. ओसरीवर मांडी घालून बसला. वर्षाराणी दारात तांदूळ निवडायला बसली. करणनं काडी घातली, पिन काढली. आणि काढल्याबरोबर, गावातल्या लग्नाचं काहीतरी सांगता सांगता, काडी उलटी करून जीभ उचलली. पिन बसवली. वायर ओढून पाहिली. दुसरी काढली, जीभ उचलली, बसवली, ओढली. तिसरी. त्याचं लक्षही तिकडे नव्हतं. हात आपोआप चालत होते. तिनंच ते त्याला शिकवलं होतं, आणि पहिल्या महिन्यातच ते त्याच्या बोटांत इतकं मुरलं होतं की आता ते चुकवायचं म्हटलं तरी त्याला ठरवून चुकवावं लागलं असतं.

वर्षाराणीनं सूप बाजूला ठेवलं. पदराची गाठ सोडून पिन त्याच्यासमोर ठेवली.

"हे कशी राह्यली मंग?"

करण बोलायचा थांबला. पिनेकडे पाहत राहिला. तिला वाटलं, आता तो ओरडेल, डबा लाथाडेल. तसं काही झालं नाही. त्यानं काडी खाली ठेवली, आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "मी तुले म्हनलं होतं, ते फेक."

"मुद्दाम केलं तुमी."

"तो आला होता त्या दिशी. एक दिवा मंद हाये म्हने. माह्या कलमा मारून माह्याच दारात आला, अन् हासून बोलला. जसं काही झालंच नाई." करणनं मास्तरचं कपलर बाजूला सारलं. "मले वाटलं, रस्त्यात अंधारात अडकला पाह्यजे. रातभर तिथंच बसला पाह्यजे मच्छरात. एवढंच. वर्षा, एवढंच. नाला माह्या डोक्यात नव्हता."

"रस्ता तर तोच हाये. नालाबी तोच."

"मी मारायसाठी नाई केलं."

 त्यानं पिनेकडे हात नेला, तसा तिनं आधीच पिनेवर पंजा ठेवला. त्यानं तिचं मनगट धरलं. जोरात नाही, पण सोडलंही नाही. दोघं तसेच बसून राहिले. अंगणात दौलतरावांची गाडी बॉनेट उघडं ठेवून उभी होती. मग रस्त्यावरून कुणीतरी करणला हाक मारली आणि त्यानं हात काढला.

"तू माही बायको हायेस," तो उठता उठता म्हणाला. "हे ध्यानात ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी गोजराबाई यायच्या आधीच वर्षाराणी त्यांच्या घरी गेली. गोजराबाई चुलीपुढे बसल्या होत्या. सुट्टी असल्यानं राखी घरीच होती. वर्षाराणीनं कपलर आणि पिन फडक्यात गुंडाळून आणली होती. ते समोर ठेवून तिनं सगळं सांगितलं. अडखळत सांगितलं, पण काही राखून ठेवलं नाही.

राखी भिंतीला टेकत खाली बसली. गोजराबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"तुमाले माहीत होतं?" वर्षाराणीनं विचारलं.

"रिसोडहून निघतानी त्याईचा फोन आला होता," गोजराबाई म्हणाल्या. "म्हने, सकाळी करननं दिवा करून देल्ला. पोरगं राग धरून नाई बसलं. पुढच्या हंगामात त्याले चर खोदू देतो." त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "मंग घंट्याभरात ते खबर आली. मले काय समजते पिनातलं? पन मनात आलं ते जाईच ना. म्हून गाडी तुया आंगनात आनली. म्हनलं, त्यानं काही केलं असन तर त्याले रोज तिच्याकडे पाहा लागन. अन् तू उघडशीन."

"मी नसती बोलली तर?"

"तर मी येत राह्यली असती. रोज."

चर खोदू देणार होते. हे ऐकून वर्षाराणीला रडू आलं ते थांबेना. राखीनं तिला पाणी दिलं, मग तिघी ऑटोनं रिसोडला ठाण्यात गेल्या. त्या परत आल्या, तेव्हा करण घरी नव्हता. तो मावशीच्या गावी गेला होता, तिथून पोलिसांनी त्याला आणलं. गाडीही ओढून नेली. अंगणात तिच्या जागी तेलाचा एक डाग तेवढा राहिला.

गावात दोन तट पडले. दुर्गाबाई नावाची शेजारीण, जी रोज वर्षाराणीकडून विरजण न्यायची, तिनं यायचं बंद केलं. "स्वतःच्या नवऱ्याले कोनी धरून देते काय?" असं ती विहिरीवर म्हणाली, आणि वर्षाराणीला ऐकू जाईल असं म्हणाली. कामं घेऊन येणारे मात्र येत राहिले. वायरी जळायच्या थांबत नव्हत्या.

उन्हाळा लागता लागता करणला जामीन झाला. तो मोठ्या भावाकडे राहू लागला. एक दिवस टळटळीत दुपारी कपडे न्यायला आला. वाळला होता. पिशवी भरून तो ओसरीवर आला, तिच्या डब्यातल्या काड्या, पिना, वायरींचे तुकडे पाहत उभा राहिला.

"वकील म्हनते, पिन आपोआपबी निसटते," तो म्हणाला. "फक्त तुही साक्ष हाये. दुसरं काई नाई."

"हो."

"देशील?"

"देईन."

त्यानं मान हलवली, जणू बाजारभाव ऐकला. मग अंगणात गेला. तिची स्कूटी सावलीत उभी होती. तिच्या हँडलवर हात ठेवून तो जरा वेळ थांबला, पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि फाटकातून निघून गेला. भाऊ मोटरसायकल घेऊन रस्त्यावर थांबला होता. आवाज दूर जाईपर्यंत वर्षाराणी दारातच होती.

मग तिनं पेचकस आणला, स्कूटीचा पुढचा पत्रा सोडला आणि आतलं प्रत्येक कपलर उघडून एकेक वायर ओढून पाहिली. सगळ्या घट्ट होत्या. पत्रा परत लावला. रिसोडला जायचं होतं, पण त्या दिवशी ती गेली नाही.