पाचशे एकाहत्तर नंबरचा पोकॉर्नी

वेंडेल ओस्टरमनला त्याची बायको सोडून गेली नव्हती. लोरेटा दोन आठवड्यांसाठी बहिणीकडे ॲरिझोनाला गेली होती, आणि त्याला आता तीन वर्षं होत आली होती. भांडण म्हणावं असं काही झालं नव्हतं. जाताना तिने दोन आठवडे पुरेल एवढं जेवण करून फ्रीजरमध्ये डबे लावून ठेवले होते. डबे संपले आणि फ्रीजर रिकामा झाला, तेव्हा वेंडेलला परिस्थितीचा पहिला अंदाज आला.

नाताळात तिच्याकडून ग्रेपफ्रूटचं खोकं यायचं. वेंडेलला ग्रेपफ्रूट सोसत नसे, पण तो तोंड वाकडं करत सगळी खायचा, कारण बायकोने पाठवलेलं टाकून कसं द्यायचं. रविवारी तो फोन करायचा. तिकडे ऊन आहे असं ती सांगे, इकडे नाही असं तो सांगे. मग एका रविवारी लोरेटा जरासुद्धा न चिडता म्हणाली, "वेंडेल, काही सांगण्यासारखं असलं ना, की करत जा फोन."

तेव्हापासून वेंडेल सांगण्यासारखं काहीतरी शोधत होता. इंडियानातल्या फोर्ट वेनमध्ये राहणाऱ्या निवृत्त माणसाला हे वाटतं तेवढं सोपं नाही. त्याची उभी नोकरी शाळेच्या बसगाड्यांचे ब्रेक तपासण्यात गेली होती. ब्रेक नीट लागले याची कुठे बातमी होत नाही. खरं तर बातमी होऊ न देण्याचाच त्याला पगार मिळत असे.

अशात त्याच्या आईला वृद्धाश्रमात हलवायची वेळ आली. वेंडेलच्या वयाच्या प्रत्येक पुरुषाचं एक ठरलेलं दुःख असतं: लहानपणीची बेसबॉल खेळाडूंच्या फोटोंची कार्डं आईने फेकून दिली, नाहीतर ती विकून आज मी कुठल्या कुठे असतो. वेंडेलला हे दुःखसुद्धा लाभलं नाही. त्याच्या आईने काहीच फेकलं नव्हतं, सगळं वापरात आणलं होतं. कपडे धुण्याच्या यंत्राचा पाय डगमगत होता, त्याच्याखाली एक डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, पन्नास वर्षं दबून पडला होता. जॅमच्या बरण्यांखाली शिकागोचा अर्धा संघ होता. बाकीची कार्डं बुटांच्या खोक्यात जशीच्या तशी होती, आणि खोकं उघडल्याबरोबर च्युइंगमचा वास आला. कार्डं त्या च्युइंगमच्या पुडीतूनच मिळायची. वेंडेल रिकाम्या न्हाणीघरात, जमिनीवर बसून ते खोकं हुंगत राहिला. सामान हलवणाऱ्यांनी त्याला दोनदा ओलांडलं.

संच १९६६चा होता. पहिली कार्डं उन्हाळ्याच्या आधी दुकानात यायची आणि मोठ्या नंबरांची सगळ्यात शेवटी, सप्टेंबरात. तोवर शाळा सुरू व्हायची, पोरांना फुटबॉलचं वेड लागायचं आणि ती शेवटची कार्डं कोणी घेतच नसे. वेंडेलनेही घेतली नव्हती. अकराव्या वर्षी केलेल्या या हलगर्जीपणाचा बासष्टाव्या वर्षी त्याला मनापासून पश्चात्ताप झाला. त्याने जाड वही आणली, खिशाखिशांची प्लॅस्टिकची पानं आणली आणि संच पुरा करायला घेतला. पुरा झाला की लोरेटाला फोन करायचा. हे सांगण्यासारखं होतं, यात त्याला शंका नव्हती. गाडी चालवताना तो सराव करायचा: "लोरेटा, संच पूर्ण झाला." वाक्य फारच लवकर संपत होतं, म्हणून पुढे त्याने "बरं का" जोडलं.

दोन हिवाळ्यांत हत्ती गेला, शेपूट राहिलं. पाचशे एकाहत्तर नंबर, मर्विन पोकॉर्नी, पिचर. हा काही मोठा खेळाडू नव्हता. अर्धा हंगाम खेळला, तोही बहुतेक बाकावर बसून. असल्या माणसाचं कार्ड खरं म्हणजे कॉफीच्या भावात मिळायला हवं. ते कुठेच नव्हतं. इंटरनेटवर कधी एखादं दिसलंच, तर वेंडेल चष्मा पुसेपर्यंत गेलेलं असे.

अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये शनिवारी कार्डांचा बाजार भरायचा. तिथे जिनेट नावाच्या बाईचं टेबल होतं. सत्तरी उलटलेली, हातात कायम विणकाम, आणि जगातल्या सगळ्या पुरुषांबद्दल एकच मत. वेंडेलने पोकॉर्नीबद्दल पुन्हा विचारलं, तेव्हा तिने सुया खाली ठेवल्या.

"सांगून टाकते तुला. तुझं तोंड बघवत नाही मला दर शनिवारी. पोकॉर्नी आला रे आला की एक गिऱ्हाईक उचलतं. मीच आजवर कितीतरी पाठवलीत त्याला. पेरूला."

पेरू म्हणजे देश नव्हे आणि फळही नव्हे. इंडियानातलंच गाव, तास-दीड तासावर.

"कोण आहे?" वेंडेलने विचारलं.

"मर्विन पोकॉर्नी."

"स्वतःचंच कार्ड घेतो?"

"पुरुषांना असतं रे वेड स्वतःचं," जिनेट म्हणाली आणि तिने सुया उचलल्या.

वेंडेलने त्याला फोन लावला. पलीकडचा आवाज म्हणाला, यायचं तर ये, पण मी काही विकत नाही.

पोकॉर्नी गावाबाहेर, चाकांवरच्या घरात राहत होता. चाकं मात्र कधीच गवतात बुडून गेली होती. दार उघडल्यावर वेंडेल क्षणभर गोंधळला. कार्डाचं चित्र त्याने संगणकावर शंभरदा पाहिलं होतं. त्यातला पोकॉर्नी रुंद जबड्याचा, पांढऱ्याशुभ्र दातांचा, पोरी मागे लागतील असा. समोरचा गृहस्थ पंचाहत्तरीचा, हनुवटी जवळपास नाहीच, आणि कान असे की वाऱ्याच्या दिवशी त्याने बाहेर पडू नये. म्हातारपणी माणूस बदलतो हे वेंडेलला मान्य होतं. पण कान असे मागाहून उगवत नाहीत.

"बघून झालं?" पोकॉर्नी म्हणाला. "मग आत ये."

आत भर मे महिन्यात लोखंडी दाराची शेगडी पेटलेली होती. पोकॉर्नीने पाण्यात कॉफीची पूड ढवळून एक कप त्याच्या पुढे सारला आणि, कोणी ऐकणारं बऱ्याच दिवसांत आलं नसावं अशा घाईने, सगळं सांगून टाकलं.

सरावासाठी संघ फ्लोरिडात होता. कार्डांसाठी फोटो काढणारा आला, त्या सकाळी पोकॉर्नी संडासात होता. आदल्या रात्रीची कालवं त्याला बाधली होती. फोटोवाल्याला घाई होती. नेमका तेव्हा धुतलेले कपडे घेऊन लॉन्ड्रीचा गाडीवाला आला, ड्वेन नावाचा. त्याने गंमत म्हणून गठ्ठ्यातला एक शर्ट अंगात चढवला. तो शर्ट पोकॉर्नीचा होता. फोटोवाल्याने पाठीवरचा नंबर टिपून घेतला, ड्वेनला हसायला सांगितलं, आणि ड्वेन हसला. सप्टेंबरात कार्ड छापून आलं, तोवर पोकॉर्नीला खालच्या लीगमध्ये पाठवून दिलं होतं. तक्रार कोणाकडे करायची? आणि काय म्हणून करायची?

"बरं, तो लॉन्ड्रीवाला तरी गप्प बसेल?" पोकॉर्नी म्हणाला. "आयुष्यभर त्या कार्डावर फुकट बियर प्यायला. मेला तेव्हा मी गेलो होतो त्याच्या मयतीला. कोटाच्या खिशात कार्ड ठेवलं होतं त्याच्या. लोक रडत होते. मला कोणी विचारलं नाही, तुम्ही कोण म्हणून."

वेंडेलने मान हलवली.

"ते पण जाऊ दे. माझ्या आईने ते कार्ड फ्रिजच्या दारावर लावलं. म्हणते, मर्विन, यात किती छान दिसतोस रे तू." पोकॉर्नीने कपात पाहिलं. "मी तिच्या समोर उभा होतो."

म्हणून तो कार्डं विकत घ्यायचा आणि शेगडीत घालायचा. लोक सहीसाठी टपालाने पाठवत, तीही जाळायचा. टपालाचं तिकीट मात्र परत करायचा, कारण ते त्याचं नव्हतं. गेली चाळीस वर्षं हा उद्योग चालू होता. आता जगात फार उरली नसावीत असा त्याचा अंदाज होता. टेबलावर एक पडलं होतं, परवाच आलेलं. कोपरे धारदार, रंग ताजे, आणि ड्वेन नुकताच पगार झाल्यासारखा हसत होता.

वेंडेलने ते मागितलं. पैशांचं तो बोललाच नाही. लोरेटाबद्दल बोलला. दोन आठवडे, तीन वर्षं, ग्रेपफ्रूट, रविवारचे फोन, ती काय म्हणाली ते, सगळं. हे त्याने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगताना त्याला जाणवलं की ऐकायला हे फारच थोडं आहे.

पोकॉर्नीने शेगडीत एक लाकूड सारलं. "बायकोला फोन करायला कार्ड लागतं तुला?"

"सांगण्यासारखं काहीतरी लागतं."

"घे मग," पोकॉर्नी म्हणाला आणि त्याने बोटाने कार्ड पुढे सरकवलं. "तुझं माझ्यापेक्षा वाईट आहे."

वेंडेलने वही आणली होतीच. रिकाम्या खिशाचं पान उघडून त्याने कार्ड आत सरकवलं. एवढंसं काम. जीभ बाहेर काढून, मुलं चित्र रंगवतात तसं केलं. गंगेत घोडं न्हालं. नऊ खिशांत नऊ चेहरे, एकही जागा मोकळी नाही. शेगडीत लाकूड तडकलं. अकराव्या वर्षापासून अडलेलं काम आज पुरं झालं होतं, आणि वेंडेल आनंद व्हायची वाट पाहत होता. पोकॉर्नी वहीकडे पाहत नव्हता. तो खिडकीतून बाहेर पाहत होता, जिथे काहीच नव्हतं. त्याचे कान लाल झाले होते.

वेंडेलने पुन्हा पानाकडे पाहिलं. सवय वाईट असते. कोणत्याही गोष्टीकडे दुसऱ्यांदा पाहताना त्याचे डोळे ब्रेक तपासणाऱ्याचे होत.

"हे चालायचं नाही," तो म्हणाला. गाडी रस्त्यावर जाणार नाही हे चालकाला सांगायचा त्याचा हाच आवाज होता.

"काय झालं?"

"पाचशे एकाहत्तर नंबर पोकॉर्नी आहे. हा पोकॉर्नी नाही."

"अरे, ते मला सांगतोस?"

"मी लॉन्ड्रीवाले जमवत नाही," वेंडेल म्हणाला. त्याने कार्ड खिशातून काढून टेबलावर ठेवलं. मग ते तिथे बरं दिसेना, म्हणून स्वतःच उठून शेगडीचं दार उघडलं.

पोकॉर्नीने त्याचा हात धरला. "आणि तुझा फोन?"

वेंडेलने हात सोडवून घेतला, टेबलावरचं कार्ड उचललं आणि आत टाकलं. जुनं जाड कार्ड, पटकन पेटेना. आधी नाव काळं झालं, मग टोपी. ड्वेन शेवटपर्यंत हसत होता. संपल्यावर दोघे बसले आणि थंड कॉफी प्याले. पोकॉर्नी एकदा म्हणाला, की इतक्या वर्षांत जाळताना सोबत कोणी नव्हतं. वेंडेलने कॉफी चांगली झाल्याचं सांगितलं, जे खोटं होतं. निघताना पोकॉर्नी दारापर्यंत आला आणि त्याने विचारलं, पुढचं आलं तर कळवू का. वेंडेल म्हणाला, कळवा.

परतताना धान्याच्या कोठारापाशी त्याने गाडी बाजूला घेतली. सांगण्यासारखं काही राहिलं नव्हतं, तरी त्याने नंबर लावला. आज रविवारही नव्हता.

"काय झालं?" लोरेटाने विचारलं. मागे बायका हसत होत्या, पाण्याचा आवाज येत होता.

"संच पूर्ण झाला नाही," वेंडेल म्हणाला. "बरं का."

"हे सांगायला फोन केलास?"

"हो."

तिने फोन ठेवला नाही. मग वेंडेलने सांगायला सुरुवात केली. कालवं, संडास, शर्ट, लॉन्ड्रीवाला. मधे पाण्याचा आवाज कमी झाला. ती कुठे बाजूला गेली असावी. मयतीचं ऐकून ती म्हणाली, "अरे देवा," आणि शेगडीचं ऐकून विचारलं, "तू जाळलंस? तू?" तो हो म्हणाला. ती हसली, किंवा खोकली. फोनवर दोन्ही सारखंच ऐकू येतं. मग जेवलास का म्हणून विचारलं, आणि म्हणाली की तिच्या मैत्रिणी थांबल्यात, ठेवते. घरी परतायचं काही ती बोलली नाही. त्यानेही विचारलं नाही.

फोन बंद झाला. वेंडेल काच खाली करून बसला. समोरचं शेत नुकतंच नांगरलेलं होतं आणि रस्त्यावर दुसरी गाडी नव्हती. मग त्याच्या लक्षात आलं की घाईत पोकॉर्नीच्या आईचं आणि फ्रिजचं सांगायचं राहूनच गेलं. त्यातलं सगळ्यात चांगलं तेच होतं. त्याने पुन्हा फोन हातात घेतला, अंगठा तिच्या नावावर ठेवला आणि जरा विचार केला.

मग फोन खिशात टाकला. तेवढं त्याने पुढच्या रविवारसाठी ठेवलं.