उताराची रुंदी

थापीच्या दांड्याने त्यांनी उताराची कड ठोकून पाहिली आणि ओलं गोणपाट पुन्हा वर ओढलं. दारातल्या तिन्ही पायऱ्या त्या सिमेंटखाली गडप झाल्या होत्या. बायको दवाखान्यात गेल्यापासून या निवृत्त बसड्रायव्हरचा दिवस अंगणातच जायचा. घरात पाऊल टाकलं की भिंती अंगावर येत.

फाटक वाजलं. मुलगी दवाखान्यातून थेट इकडेच आली होती. खांद्यावरची पिशवी तिने उतरवलीच नाही.

"बाबा, जेवलात?"

"हो तर."

डबा कट्ट्यावर होता तसाच होता. ती उताराकडे बघत राहिली.

"अहो, आईची चाकाची खुर्ची केवढी आणि हे केवढं! बस चढवायचीय का घरात?"

"डेपोतली मापं डोक्यातून जात नाहीत गं."

दोघं हसली. तिचं हसू आधी विझलं.

"डॉक्टर म्हणाले, परवा घरी न्या."

त्यांचा हात गोणपाटावर थांबला. मग सुरकुती सारखी करत ते म्हणाले, "परवापर्यंत धरेल. पाणी तेवढं चुकवायचं नाही. घाईने वाळलं की तडे जातात."

"बाबा, घरी न्या म्हणजे..."

रस्ताभर जुळवलेल्या शब्दांतला एकही आता तिच्या हाती लागेना.

त्यांनी बादलीत तांब्या बुडवला. कडेकडेने धार सोडत ते बोलू लागले.

"समोरच्या शिक्षिकाबाई गेल्या तेव्हाचं आठवतं? तो अरुंद जिना. माणसं एकमेकांवर आदळत होती. शेवटी बाईंना उभं धरून उतरवलं. तुझी आई खिडकीत होती. म्हणाली, मला असं हिंदकळत नेऊ नका हो."

मुलीने पिशवी खाली ठेवली.

"खुर्चीला निम्मा उतार पुरला असता," ते म्हणाले. "पण नंतर दोन्ही बाजूंनी माणसं चालणार. देवाने एवढं नीट पार पाडू द्यावं, बस."

"तुम्हाला कोणी सांगितलं? मी तर डॉक्टरांना बजावलं होतं, बाबांना इतक्यात काही बोलू नका म्हणून."

"तिनेच. भरती केलं त्याच दिवशी." त्यांनी नाक शर्टाच्या बाहीला पुसलं. "म्हणाली, पोरीला कळू देऊ नका, ती कोलमडेल."

 मग त्यांनी तांब्या तिच्यापुढे धरला.

"त्या कोपऱ्यात मार जरा. माझा हात पोचत नाही."