मेल्यावर हसायचा शॉट

पेटी खरी होती. मयत ठेवायची काचेची थंड पेटी. स्टुडिओंच्या वडपळनी भागात कुठल्याही गल्लीत, कुणाच्याही दारात मांडवाखाली दिसते ना, तीच. सिनेमाच्या आर्टवाल्यांनी खोटी बनवायचा कंटाळा केला आणि सरळ भाड्याने आणली. वर पेटीवाला बजावून गेला होता की संध्याकाळपर्यंत मोकळी करा, विरुगंबाक्कमला एका घरी पाहिजे आहे.

पोन्मणीने वाकून आत बघितलं. झाकणाच्या रबरात एक लांब पांढरा केस अडकला होता. तळाला मोगऱ्याची पाकळी, सुकून तपकिरी झालेली. आणि वास. उदबत्तीचा, कोलोनचा आणि त्याखाली आणखी कशाचा तरी, जो धुऊन जात नाही.

एस्तर अक्का अठरा वर्षं तिचे केस विंचरत होती. तिने डेटॉलचा बोळा आणला आणि केस उपटून काढला. पेटी पुसता पुसता ती म्हणाली, "मयत होऊन झोपायचंय की नाही ते आत्ता सांग. एकदा हनुवटी बांधली की तुला बोलता येणार नाही."

बोलणं. सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

पोन्मणी उसिलमपट्टी गावाकडची. एकोणीस वर्षांची असताना तमिळ सिनेमाच्या या शहरात आली आणि सव्वीस सिनेमे केले. पोस्टरवर नाव शालिका. निर्मात्याने ज्योतिषाला विचारून ठेवलेलं. चेहरा तिचा, कंबर तिची, आवाज मात्र एकाही सिनेमात तिचा नाही. तिचा आवाज जाड, खर्जातला. पहिल्याच सिनेमाला निर्माता म्हणाला होता, ही बोलली की लाकडाच्या वखारीत उभं राहिल्यासारखं वाटतं. मग कोमला अक्का आली. डबिंगवाली. साखरेच्या पाकात घोळलेला आवाज. उत्तरेकडच्या पोरींना भाषा येत नाही, त्या कॅमेऱ्यापुढे एक दोन तीन चार म्हणतात आणि मागून कोमला अक्का डायलॉग भरते. पोन्मणीला तर सगळा डायलॉग पाठ असायचा. जीव तोडून बोलायची. थिएटरात बसली की पडद्यावर स्वतःचंच तोंड हलताना दिसायचं आणि त्यातून दुसरीच बाई बोलायची. तिची आई मरेपर्यंत म्हणत राहिली, सिनेमात दिसते ती आमची पोर नाहीच.

आणि आता, त्रेचाळिसाव्या वर्षी, इनियन नावाचा पोरगेला डायरेक्टर घरी आला. सिनेमात नायकाची आई करायची होती. नायक वज्रवेल, वय अठ्ठावन्न. याच वज्रवेलबरोबर तिने बर्फात सात गाणी केलेली. तो जाड कोटात, ती पातळ साडीत, ओठ निळे पडेपर्यंत. आता त्याची आई. तिला शिसारी आली, पण इनियन पुढे म्हणाला की आईचा तीन पानांचा सीन आहे, जागेवरच रेकॉर्ड करणार, तुमच्याच आवाजात. लिहून देऊ का मॅडम, असंही म्हणाला. तिने होकार दिला. महिनाभर सालिग्रामम भागातल्या घरात गच्चीवर जाऊन तो सीन म्हणत होती. कुठे श्वास घ्यायचा, कुठला शब्द छातीतून काढायचा, सगळं.

आज सकाळी सेटवर पाय ठेवला तर इनियन नखं खात उभा. तो सीन गेला होता. अण्णनने काढला. अख्खं युनिट वज्रवेलला अण्णन म्हणायचं. अण्णनचं म्हणणं असं की लोकांना आमची गाणी अजून आठवतात. ती आई म्हणून बोलायला लागली की पब्लिक शिट्ट्या मारणार, माझं वय काढणार.

"मग मला घेतलंच कशाला?" तिने विचारलं.

इनियन जमिनीकडे बघत म्हणाला, "अण्णन म्हणाले, मेलेली चालेल."

परत जावंसं वाटलं तिला. पण सही झाली होती, मेकअप झाला होता आणि खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत सेटवरून उठून जायची सवयच नव्हती. ती पेटीत झोपली. एस्तर अक्काने हनुवटीखालून पांढरी पट्टी घेऊन डोक्यावर गाठ मारली, नाकात कापूस घातला, कपाळावर नाणं चिकटवलं, पायांचे अंगठे बांधले.

मग वज्रवेल आला. झाकण काढून त्याने तिच्या अंगावर पडून रडायचं होतं. जेवणात वंजरम मासा खाऊन त्यावर वेलची चघळत आलेला. टोपाच्या गोंदाचा वास वेगळाच. ग्लिसरीन घातलं, "अम्मा" म्हणून हंबरला आणि तोंड तिच्या छातीत घुसवलं. नाकातलं पाणी तिच्या गळ्यावरून ओघळून कानामागे गेलं. हात बरोबर तिथेच ठेवला, जिथे गाण्यात ठेवायचा. मेलेल्या आईच्या कमरेवर. हलता येत नव्हतं. श्वास घेता येत नव्हता. सात टेक झाले. चौथ्यानंतर तो कुजबुजला, "बारीक झालीस गं."

कट. टाळ्या. शंभर माणसं टाळ्या वाजवत होती.

आता फक्त रीत उरली होती. मयताचा रोल केला की कॅमेरा चालूच ठेवायचा आणि त्या माणसाने उठून कॅमेऱ्याकडे बघून हसायचं. मग कापूर लावून कोहळा फोडायचा. त्याशिवाय कुणी लाइटलाही हात लावत नाही. पोन्मणी उठून बसली. पट्टी सोडली, नाकातला कापूस काढला. सगळे थांबले. ती हसली नाही.

"मॅडम, हसा ना," इनियन म्हणाला.

ती नुसती बघत राहिली. कॅमेरा चालूच. वज्रवेलचा चेहरा पडला. पाच बोटांत पाच खडे घालणारा माणूस तो, मयताच्या अंगावर तोच पडलेला, अपशकुन त्यालाच भोवायचा. एकदा कुठल्याशा सिनेमात मयत झालेला म्हातारा न हसता घरी गेला आणि आठवड्यात फाइटमास्टर मेला, ही गोष्ट तो दर सेटवर सांगायचा.

"शालिका, चेष्टा करू नकोस. हस आणि मोकळी हो."

"माझा सीन घ्या," ती म्हणाली. "आवाजासकट. मग हसते."

तो चिडला, इनियनवर ओरडला, मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरने आधी हात जोडले, मग युनियनची धमकी दिली. ती पेटीत मांडी घालून बसून राहिली. कोहळा घेऊन उभा असलेला म्हातारा हळूच म्हणाला, ताईला बोलू द्या, माझे हात दुखतात. शेवटी वज्रवेलने हात झटकला. घ्या काय घ्यायचं ते. सिनेमात ठेवणार थोडाच आहोत?

साउंडच्या अरुळने माइकची काठी तिच्या डोक्यावर धरली. पंखे बंद झाले.

ती बोलली. महिनाभर घोटलेलं सगळं, जसंच्या तसं. वखारीसारखा म्हणे. तो आवाज त्या खोट्या घराच्या भिंतींवर बसला आणि लाइटवाल्यांनी वरून खाली बघितलं. बोलून झालं तेव्हा एस्तर अक्का पदराने डोळे पुसत होती. "ही बाई कुठे होती गं इतकी वर्षं?" एवढंच ती म्हणाली.

अरुळने न मागता हेडफोन दिला. पोन्मणीने कानाला लावला. स्वतःचा आवाज, सिनेमाच्या यंत्रातून, पहिल्यांदा. तिने हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरला.

मग शब्द ऐकू यायला लागले.

"बाळा, मला जाळताना रडू नकोस. गावाला बाप नाही, तूच बाप. बाईचा जन्म कशाला असतो? तुझ्यासारखा पुरुष जन्माला घालायला. मी तुझ्या पायाची धूळ, आई असले तरी."

महिनाभर ती हे म्हणत होती. श्वास मोजत होती. आपण काय म्हणतोय याकडे एकदाही लक्ष गेलं नव्हतं तिचं. गाभ्यातून, पोटातून, आईच्या आवाजात तिने हे ओकलं होतं. सात टेकमध्ये आली नाही इतकी किळस आता आली. स्वतःची.

तिने हेडफोन काढला तेव्हा दुसराही जोड कुणीतरी वज्रवेलच्या कानाला लावलेला. तो मान डोलवत होता.

"अरे, हे तर ठेवायला पाहिजे," तो म्हणाला. "चितेच्या सीनवर. मी चालतोय, मागून हा आवाज. पब्लिक रडेल." आणि तिच्याकडे वळून, अगदी मोठ्या मनाने, "मानलं तुला. नाव पण टाकू, आवाज शालिकाचा."

इनियनचा चेहरा उजळला. एस्तर अक्काने तिचा हात दाबला. इतकी वर्षं जे हवं होतं ते समोर होतं.

"पुसून टाक," पोन्मणी अरुळला म्हणाली.

"काय, मॅडम?"

"पुस ते. कोमला अक्काला बोलवा. असलं सगळं तीच बोललीय माझ्यासाठी. माझ्या आवाजात नको."

वज्रवेल काहीतरी म्हणत होता. अरुळने आधी इनियनकडे बघितलं, मग तिच्याकडे आणि मान खाली घालून बटण दाबलं. पोन्मणी मशीनवरची ओळ नाहीशी होईपर्यंत बघत राहिली.

मग कॅमेऱ्याकडे वळली. शब्द दिला होता. सगळे दात दाखवून हसली, शालिका पोस्टरवर हसायची तशी. कापूर पेटला. माइक अजून तिच्या डोक्यावरच होता, पण अरुळच्या मशीनवरचा आवाजाचा काटा जागचा हलला नाही.