दाभोळच्या पोरी, पुण्याचा संघ

दाभोळला सिनेमावाले उतरले आणि गावाचं डोकंच फिरलं. सिनेमा कबड्डीचा, नायिका कोळ्याची पोर, म्हणजे आपलीच गोष्ट की! दर्शना अख्खा संघ घेऊन शाळेच्या मैदानावर हजर झाली. डाव्या कोपऱ्यात उभं राहून तिने जिल्ह्यातल्या भल्याभल्या पोरींचे घोटे धरले होते. कोळ्याची पोर हवी तर ही काय समोर उभी होती.

पण नायिका आली मुंबईहून. हेतल तिचं नाव, साबुदाण्यासारखी गोरी. तिला कोळीण करायला रोज तासभर तपकिरी रंग चोपडायचे. दर्शनाच्या संघाला मिळालं हरणाऱ्या पुणेकरणींचं काम. पुण्याच्या म्हणजे गोऱ्याच हव्यात, असं दिग्दर्शक हर्षदने ठरवून टाकलं. झालं! सातही जणींना पावडर फासली. दर्शना संघातल्या अलफियाला ओळखेना नि अलफिया दर्शनाला. दोघी हसून हसून मातीत बसल्या.

हसता हसता दर्शनाला मात्र आई आठवली. तिची आई सोनूबाई जेटीवर मासे विकायची. सामने संध्याकाळचे आणि होड्या लागायच्या त्याही संध्याकाळीच. दहा वर्षांत आईने लेकीचा एक सामना पाहिला नव्हता. निदान सिनेमात तरी आई आपल्याला खेळताना बघेल, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप. आणि आता या पांढऱ्या थोबाडाने आई ओळखणार कशी?

शेवटच्या प्रसंगाच्या दिवशी वाऱ्यामुळे होड्या बंद होत्या, म्हणून सगळी जेटी टाळ्या वाजवायला आणून बसवली. सोनूबाई पहिल्याच रांगेत. आमची कुठली, आमची कुठली, असं ती शेजारणींना विचारत होती आणि कुणालाच सांगता येत नव्हतं. हर्षदने तीनतीनदा बजावलं की हेतल चढाईला येईल, दर्शनाने घोटा धरायचा आणि सोडून द्यायचा, मग हेतल मध्यरेषा शिवेल.

हेतल आली. दर्शनाने झेप घेऊन घोटा धरला आणि कबूल केल्याप्रमाणे बोटं सैल करायला लागली. इतक्यात पहिल्या रांगेतून आवाज आला.

"दर्शना, सोडू नको गो बाय!"

मग काय सोडते! तिने मिठीच मारली. हेतल फरफटली, अलफिया सवयीने वर पडली, मागोमाग उरलेल्या पाचजणी. हर्षद थांबा थांबा म्हणून घसा फोडत होता आणि गाव दर्शनाच्या नावाने नाचत होतं. दोघी ढिगाऱ्यातून बाहेर आल्या तेव्हा हेतलचा तपकिरी रंग दर्शनाच्या गालावर आणि दर्शनाची पावडर हेतलच्या नाकावर. हेतलला हसू आवरेना. आता सगळ्यांनी तोंडं धुवायची आणि आहे त्या रंगात पुन्हा खेळायचं, असं तिने हर्षदला सांगून टाकलं. उजेड उतरत होता, हर्षदनेही हात जोडले.

नळावर सोनूबाई आली आणि पदराने लेकीचं तोंड पुसू लागली. दर्शनाने विचारलं, एवढ्या पावडरीतून ओळखलंस कसं?

"मी माशांची पाटी उचलली की लहानपणी तू अश्शीच पाय धरायचीस," सोनूबाई म्हणाली. "तेव्हा बोटं सोडवून जावं लागायचं. म्हटलं, आज नको सोडू."