द्यायची चित्रं आणि ठेवायची चित्रं

कुठल्याही सरकारी दवाखान्यात जा, भिंतीवर काय दिसतं? औषध कंपनीचं कॅलेंडर, ‘थुंकू नये’ अशी पाटी, आणि फार झालं तर उन्हानं निळं पडलेलं एखादं फुलदाणीचं चित्र. आपण तिकडे बघतही नाही. ते बघण्यासाठी लावलेलंच नसतं म्हणा! पण एका बाईंना अशी एक फुलदाणी बघावी लागली. ती बघताना त्यांच्या मनाचं काय झालं, ते तुम्हाआम्हाला कळायला हवं.

या बाई शहराच्या चित्रालयाच्या प्रमुख. सगळे त्यांना मॅडम म्हणत. कामाला वाघ, चित्रांवर पोटच्या पोरासारखी माया. पण त्या चित्रालयात एक जुनी रीत होती. तिथे चित्रांचे दोन वर्ग असत, ‘ठेवायची’ आणि ‘द्यायची’. ठेवायची म्हणजे खरी, थोरामोठ्यांच्या हातची. ती थंडगार तळघरात बंद असायची आणि कधीमधी पाहुण्यांसाठी वर यायची. द्यायची म्हणजे छापील, प्लास्टिकच्या चौकटीतली, ओल्या फडक्यानं पुसता येणारी. शाळा, बस डेपो, दवाखाना, कोणीही चित्र मागायला आलं की या ढिगातलं एक हातात द्यायचं. रीत मॅडमच्या आधीपासूनची. त्यांनी ती मोडली नाही, उलट चौकटी जरा बऱ्या करून घेतल्या!

एके दिवशी सरकारी दवाखान्याच्या मोठ्या सिस्टर आल्या.

“आमच्या डायलिसिस वॉर्डात माणसं चार-चार तास एका जागी पडून असतात,” त्या म्हणाल्या. “हाताला सुया, हलायची सोय नाही. समोर कोरी भिंत. एखादं चांगलं चित्र द्या.”

“चांगलं म्हणजे कसं?”

“बघत बसावंसं वाटेल असं.”

मॅडमनी स्टोअरवाल्या काकांना खूण केली. काकांनी फुलदाणी आणून टेबलावर ठेवली. सिस्टर तिच्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “हेच का?”

“अहो सिस्टर, धर्माच्या गाईचे दात कशाला मोजायचे!” काका हसत म्हणाले.

सिस्टर चित्र काखेत मारून निघून गेल्या. त्यांची पाठ वळताच मॅडम म्हणाल्या, “गाढवाला गुळाची चव काय! खरं चित्र दिलं असतं तर त्याच्यावर गोळ्यांच्या वेळा चिकटवल्या असत्या.” काका पोट धरून हसले. मॅडमही हसल्या.

पुढे काही महिन्यांनी मॅडमच्या दादाच्या किडन्या गेल्या.

दादा म्हणजे थोरला भाऊ. आईवडील लवकर गेले तेव्हा यानंच धाकट्या बहिणीला वाढवलं. वेणी घालायला शिकला, पोळ्या लाटायला शिकला. दिवसभर कारखान्यात लेथ मशीनवर उभा राहायचा आणि संध्याकाळी तिचा अभ्यास घ्यायचा. आता त्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागणार होतं, आणि ते त्याच दवाखान्यात. वहिनी दोन दिवस नेत, एक दिवस मॅडम.

पहिल्याच दिवशी मॅडम दादाच्या उशाशी स्टुलावर बसल्या, समोर पाहिलं, आणि चरकल्या. भिंतीवर फुलदाणी! आपलेच दात नि आपलेच ओठ, बोलायचं कोणाला? त्यांनी मान खाली घातली. पण चार तास मान खाली घालून कोण बसेल? वर पाहिलं की ती फुलं, आणि फुलांखाली पांढरे पडलेले चेहरे. वॉर्डात कोणी कोणाशी बोलत नव्हतं. मशीनची घरघर तेवढी चालू होती.

आठवडे गेले आणि एक दिवस दादा शांतपणे म्हणाला, “बाळे, पुढच्या वेळेपासून मी येणार नाही.”

“काय बोलतोस हे दादा!”

“झालं तेवढं पुष्कळ झालं.”

“अरे, नाही आलास तर काय होईल ठाऊक आहे ना तुला? वहिनीकडे तरी बघ!”

“सगळं ठाऊक आहे. सुयांचं काही नाही गं. पण इथं पडलं की वाटतं, आपण म्हणजे कुणीतरी आणून ठेवलेली वस्तू. पुसायचं, ठेवायचं, पुन्हा पुसायचं. त्या फुलदाणीसारखं.” त्यानं हनुवटीनं भिंतीकडे दाखवलं. “कोणी लावलं असेल ते? ज्यानं लावलं, त्याच्या लेखी आम्ही मेलेलोच असणार.”

मॅडमना खोटं बोलता आलं असतं. पण ज्यानं वाढवलं त्याच्याशी खोटं कसं बोलायचं?

“दादा, ते मी दिलंय.”

दादानं मान वळवून बहिणीकडे पाहिलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

“तुझ्याकडे खरी नव्हती?”

“होती. पण दादा, इथं कोणाला कळणार आहे त्यातलं? आणि आम्ही फुकट देतो, धर्माच्या गाईचे दात...”

“टपाल कचेरीतलं ते चित्र आठवतं तुला?” दादानं मध्येच विचारलं. “मी मनीऑर्डरच्या रांगेत उभा असायचो आणि तू भिंतीवरच्या त्या मोठ्या चित्राखाली. घोडे होते त्यात. हाताला धरून ओढलं तरी हलायची नाहीस. तेव्हा तुला काय कळत होतं गं? साधं नाक पुसता येत नव्हतं! आधी परीक्षा दे आणि मग चित्र बघ, असं तुला म्हणालं का कोणी?”

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं.

“आणि फुकट कसलं? चित्रालय कोणाचं? गावाचं. म्हणजे त्या पलीकडच्या खाटेवरच्या ड्रायव्हरचं, माझं, या सिस्टरचं. गाय आमची, गोठा आमचा, वैरण आमची. आणि धर्म केल्याचं पुण्य तुमच्या पदरात? घरी आलेल्या माणसाला फुटक्या कपात चहा द्यायचा नाही, हे मीच शिकवलं होतं ना तुला?”

एवढं बोलून त्याला धाप लागली. त्यानं डोळे मिटून घेतले. शरमेनं मॅडमना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ‘गाढवाला गुळाची चव काय,’ आपणच म्हणालो होतो. आपल्या दादाला म्हणालो होतो!

दुसऱ्या दिवशी त्या थेट तळघरात गेल्या आणि एका मोठ्या चित्रापुढे उभ्या राहिल्या. एका दिवंगत चित्रकर्तीचं ते चित्र. पहाटेचा किनारा, आणि बायाबापड्या, म्हातारेकोतारे सगळे मिळून एका जड होडीला भिडलेले.

“मॅडम, हे? दवाखान्यात?” काकांनी आ वासला. “अहो, हे ठेवायचं चित्र आहे!”

“कोणासाठी ठेवायचं, काका?”

चित्राला जाड काच बसली, ऊन आणि ओल लागणार नाही अशी वॉर्डातली भिंत पाहून मॅडमनी ते स्वतः उभं राहून टांगून घेतलं.

दादा आला तो बहिणीनं हातापाया पडून आणला म्हणून. “आजच्या दिवस,” असं बजावूनच आला. सुया टोचून झाल्या, मशीन सुरू झालं आणि वॉर्ड पुन्हा गप्प झाला. मग पलीकडच्या खाटेवरचे ड्रायव्हर एकदम म्हणाले, “अहो सिस्टर, या किडनीपायी आम्हाला घोटभर पाणी मोजून देता आणि समोर एवढा समुद्र आणून ठेवता, हे बरं नव्हे हां!”

कोणीतरी हसलं. किती दिवसांनी त्या खोलीत कोणी हसलं होतं!

“चला, होडी निघाली पाण्यात,” ड्रायव्हर म्हणाले.

“निघाली कुठली? बाहेर ओढताहेत ती,” दादा म्हणाला. डोळे मिटलेत असं वाटत होतं, पण तो बघत होता! “त्या म्हातारीचा चेहरा बघा की. रात्रभराची दमलेली आहे.”

“दमलेली नाही, काळजीत आहे. पोरगा निघालाय तिचा.”

“अहो, काहीतरीच काय!”

कोपऱ्यातल्या एका मावशी म्हणाल्या, “मला तर वाटतं, ती होडी हलतच नाहीये. पण सोडत नाहीये कोणी.” त्यावर सगळेच पुन्हा त्या चित्राकडे बघू लागले. मॅडमनी त्या चित्रावर एक मोठा लेख लिहिला होता. हे त्यांना कधी दिसलं नव्हतं असं नाही, पण ते असं अंगावर कधी आलं नव्हतं.

सुया निघाल्या. सिस्टरनी दादाच्या हातावर पट्टी दाबून धरली. मॅडमचा जीव टांगणीला लागला होता. विचारायचा धीर होईना.

दादा चपला घालता घालता ड्रायव्हरकडे वळला. “परवा बोलू. तुम्हाला पटवल्याशिवाय सोडत नाही मी.”

परवा! मॅडम तोंड फिरवून खिडकीशी गेल्या आणि पदरात तोंड लपवून रडल्या.

मंडळी, चित्रानं कोणाची किडनी बरी होत नाही. दादाचं दुखणं आहे तिथंच आहे. पण आपण अजून माणूस आहोत, आपल्यालाही उत्तमातलं उत्तम दाखवावं असं कोणाला तरी वाटतं, एवढं कळलं तरी माणूस परवाचा विचार करतो. ‘लोकांना काय कळतं’ असं म्हणून आपण चांगलं ते कुलुपात ठेवतो आणि उरलंसुरलं लोकांपुढे टाकतो. मग लोकांना आवडच नाही म्हणून नाकं मुरडतो! आधी दाखवा तर खरं. कळणं हे बघण्याच्या मागून येतं.

चित्रालयातला ‘द्यायचा’ ढीग आता राहिला नाही. त्यातली एक, दवाखान्यातून उतरवलेली फुलदाणी तेवढी मॅडमनी ठेवून घेतली आहे. ती त्यांच्याच केबिनमध्ये, बरोबर त्यांच्या खुर्चीसमोर टांगलेली आहे. काका ती काढा म्हणून मागे लागतात. मॅडम म्हणतात, “राहू द्या काका. मला बघू दे.”